कोपनहेगनचा जुना भाग पायी: क्रम कसा लावावा?

प्रश्न: जूनमध्ये कोपनहेगनला एकच दिवस मिळतोय. सोबत सत्तरीतले आईबाबा आहेत. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालतात, पण जिने नकोत. टाउन हॉलच्या चौकातून निघून अमालिएनबोर्ग राजवाड्यात 12 वाजताचा पहाराबदल गाठायचाय. वाटेतला गोल मनोरा त्यांना जमेल का?

प्रतिसाद 1: जमेल. या मनोऱ्यात, म्हणजे रुंडेटोर्न (1642) मध्ये, जिन्याऐवजी विटांचा रॅम्प आहे: 209 मीटर लांब, साडेसात वेढे. वेढ्याच्या आतल्या बाजूला चढ तीव्र असतो, म्हणून बाहेरच्या भिंतीलगत चालायला सांगा. अगदी वर गच्चीवर जाताना मात्र अरुंद जिना लागतोच. तिथे त्यांनी खालीच थांबावं.

टाउन हॉलपासून साडेनऊला निघा. ‘स्ट्रॉयट’ या पायी चालायच्या रस्त्याने जायचं, पण त्या नावाची पाटी शोधू नका, ती सापडणार नाही. फ्रेडेरिक्सबेर्गगेडपासून ऑस्टरगेडपर्यंतच्या सलग रस्त्यांना मिळून लोक स्ट्रॉयट म्हणतात. 1.1 किलोमीटर, 1962 पासून गाड्यांना बंद. गामेलटॉर्व चौकात डावीकडे वळून फोर फ्रुअ चर्च बघा (आत शिल्पकार थोरवाल्डसेनचे संगमरवरी ख्रिस्त आणि बारा शिष्य) आणि मग मनोरा.

11:30 पर्यंत खाली या. पहारेकरी त्याच सुमारास रोसेनबोर्गच्या बराकीतून निघतात आणि सहसा मनोऱ्यासमोरच्या क्योबमाएरगेड या रस्त्यावरूनच जातात. अमालिएनबोर्गच्या गर्दीत टाचा उंचावून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नंतर सावकाश न्यूहाउनला, रंगीत घरांच्या कालव्याकाठी, जा.

प्रतिसाद 2: वरच्या क्रमात एक भर. मागस्ट्रेड हा जुना रस्ता फोटोत फार सुंदर दिसतो, पण तिथे गोट्यांची फरसबंदी आहे. पाय मुरगळतो, बॅगेची चाकं अडकतात. आईंना बाजूच्या सपाट पट्टीवरून न्या. आणि फुटपाथ व रस्ता यांच्या मधली, थोडी उंचावलेली पट्टी सायकलींची असते. फोटो काढायला एक पाऊल मागे घेतलं की माणूस नेमका तिथेच जातो, आणि सायकली वेगात येतात.

परतताना चालू नका. अमालिएनबोर्गजवळच्या मार्मोरकिर्केन स्टेशनवरून एम3 मेट्रो घ्या, तिसरं स्टेशन टाउन हॉलचं. लिफ्ट दोन्हीकडे आहे.

प्रतिसाद 3: शहर जुनं असूनही मध्ययुगीन घरं का दिसत नाहीत, हे आईबाबांना चालता चालता दाखवता येईल. 1728 आणि 1795 च्या आगी, मग 1807 चा इंग्रजांचा तोफमारा. फोर फ्रुअ चर्चही त्यातच गेलं. आजची इमारत त्यानंतरची. चौकातल्या घरांचे कोपरे तिरके कापलेले दिसतील: 1795 नंतर तसा नियमच झाला, कारण लांब शिड्या घेतलेल्या बंबगाड्यांना अरुंद गल्लीत वळता येत नव्हतं. गामेलटॉर्व आणि नुटॉर्व या चौकांच्या मधे, त्याच आगीत जळालेल्या जुन्या टाउन हॉलची रूपरेषा फरशीत आखलेली आहे. बहुतेक लोक तिच्यावरून चालत जातात आणि खाली बघत नाहीत.

प्रश्नकर्ता: आभार! न्यूहाउनचे फोटो कुठून?

प्रतिसाद 2: रंगीत घरं उत्तर काठावर, तोंड दक्षिणेला. म्हणून समोरच्या दक्षिण काठावरून किंवा पुलावरून काढा. दुपारी ऊन पाठीमागून येतं. 9 नंबरचं घर 1681 चं, तिथलं सर्वांत जुनं.