सोलापूरच्या उन्हाळ्यात कोणता प्रिंटर?
ताई, टॉवेलच्या दुकानाची बिलं आणि मुलांचे प्रोजेक्ट यांसाठी वायरलेस इंक टँक, म्हणजे टाकीत शाई भरायचा प्रिंटर, घ्यायचं म्हणताय. रोज चार पानं निघणार असतील तर जरूर घ्या, पानामागे खर्च खरंच कमी येतो. पण महिना-महिना बंद राहणार असेल तर थांबा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, कागदावर शाई सोडणाऱ्या हेडमधली शाई वाळते. माझ्या ऑफिसात तसंच झालं, हेड साफ करण्यातच निम्मी शाई गेली! लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे कोरडी पूड, ती वाळायचा प्रश्नच नाही. नुसती काळी बिलं असतील तर तोच बरा. फक्त इन्व्हर्टरवर लावू नका, तापताना एकदम लोड खेचतो. आणि हो, बरेच स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात. राउटरवर तो बँड चालू आहे ना, आधी बघा.