मदत हवी आहे : महालक्ष्म्यांना घर भरून पाव्हणे, आणि आमचा बंड्या

बनी_तो_बनी (परभणी)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते.

यावर्षी महालक्ष्म्या आमच्याकडं आहेत. सासऱ्यांच्या भावाभावांत आळीपाळीनं असतात, त्यामुळं नांदेडचे, हिंगोलीचे, पुण्याचे सगळे तीन दिवस इथंच मुक्कामाला. जेवणाच्या दिवशी गल्लीतले वेगळे, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला, दर्शनाला येणाऱ्या बायकांचा तर हिशोबच नाही. तयारीचं मला टेन्शन नाही, सोळा भाज्या काय, फुलोरा काय, जावा मिळून करतो आम्ही. टेन्शन बंड्याचं आहे.

बंड्या गावठी आहे, अडीच वर्षांचा, पिल्लू असतानाच गल्लीतून घरात आला. घरच्यांसोबत इतका शहाणा की आत्या म्हणतात पोरांपेक्षा हाच बरा. पण गेटची कडी वाजली की संपलं. ओळखीचं माणूस असलं तर अंगावर उड्या, अनोळखी असलं तर भुंकून भुंकून घर डोक्यावर. आणि हातात काठी असलेलं माणूस दिसलं की त्याचं वेगळंच सुरू होतं. अक्षय तृतीयेला आमचे चुलत सासरे आले होते, आम्ही त्यांना बाप्पा म्हणतो, धोतर टोपी काठी असा सगळा जामानिमा. बंड्यानं थेट धोतराचा सोगा धरला. दात नाही लावला, पण बाप्पा पार हादरले आणि आता फोनवर म्हणायलेत की ते कुत्रं घरात असलं तर मी देवीच्या पाया पडायला पण येत नाही. वडीलधारं माणूस, त्यांचं चूक तरी कसं म्हणावं.

तर घरात दोन पार्ट्या पडल्यात. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणायलेत तीन दिवस शेतातल्या आखाड्यावर नेऊन बांधा, सालगडी आहेच, टाकील भाकर. आमचे हे म्हणतात वर गच्चीवर पत्र्याची खोली आहे, त्यात कोंडू. मला दोन्ही पटंना. भादव्यातलं ऊन पडलं तर पत्र्याखाली काय होतं ते तुम्हाला माहितीय, आणि आखाड्यावर तो आजवर एक रात्र राहिलेला नाही. त्यात पुण्याच्या जाऊबाईंची दोन लहान लेकरं, त्यांना बंड्याच्या गळ्यातच पडायचंय, व्हिडिओ कॉलवरच ठरवून ठेवलंय त्यांनी. आणि मोठ्या आत्याबाईंचं सोवळं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला कुत्र्याचा केस जरी दिसला तरी मला वर्षभर ऐकावं लागंल.

अजून तीन एक आठवडे आहेत. एवढ्यात काही शिकवून होतं का? कुणी सण, लग्न, बारसं असं काही कुत्रं सांभाळून निभावलंय का? "देऊन टाका कुणाला" असं सांगणाऱ्यांनी प्लीज पुढच्या धाग्यावर जावं.

---

धुरा_आणि_बांध (जिंतूर)

ताई, आखाड्याचं डोक्यातून काढा. मी रोज शेतात असतो म्हणून सांगतो. भादव्यात सोयाबीन कमरेला लागलेलं असतं, साप-विंचवाचे दिवस, आणि रानडुकरं येतात म्हणून कुणी कुणी रात्री तारंत करंट सोडतं, नाही सोडायला पाहिजे पण सोडतात. घरातल्या कुत्र्याला यातलं काय कळणार? बांधून ठेवलं तर रात्रभर रडंल, दोरी तोडली तर घर हुडकत रोडला येईल. सालगडी भाकर टाकील हो, पण नवं माणूस काठी घेऊनच जवळ जाणार, आणि तुमचं दुखणं नेमकं काठीचंच आहे.

दुसरं विचारायचं राहिलं, नसबंदी झालीय का? भादवा आहे बरंका. या दिवसांत गल्लीतली कुत्री कशी फिरतात ते काय सांगायचं. नसबंदी नसली तर गेट उघडं दिसल्या दिसल्या पळणार, आणि पाव्हणे गेट लावत नसतात हा माझा अनुभव आहे.

---

बनी_तो_बनी

नाही झालेली अजून. आता करून घेतली तर चालंल का सणाच्या आत?

---

चौथं_वर्ष_उदगीर

मी व्हेटर्नरीला आहे, अजून डॉक्टर झालो नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा. नसबंदी जरूर करा पण सण झाल्यावर. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, म्हणजे या महालक्ष्म्यांना तिचा उपयोग नाही, उलट टाक्याचं कुत्रं घेऊन पाव्हण्यांचं करत बसावं लागेल. सध्या गेटला आतून साखळी, आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला. परभणीत तुमच्या हाताशी व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथं एकदा तपासून आणा आणि रेबीजची लस बघा, वर्ष झालं असेल तर सणाच्या आधीच घ्या. कार्ड सापडेल असं ठेवा, पाव्हण्यांतला कुणीतरी विचारतोच.

आता काठीचं. तो चिडका नाही, भित्रा आहे. गल्लीत जन्मलेल्या बऱ्याच कुत्र्यांना काठी, झाडू, वाकून दगड उचलल्यासारखं करणारं माणूस, यांची धास्ती असते. तीन आठवड्यांत भीती पूर्ण जाईलच असं नाही पण कमी होऊ शकते. घरातली काठी आधी अंगणात नुसती आडवी टाकून ठेवा आणि तो तिच्या आसपास फिरला की पनीरचा तुकडा. दोन-चार दिवसांनी घरातल्याच कुणीतरी ती लांब, अंगणाच्या त्या टोकाला हातात धरून उभं राहायचं, हलवायची नाही, परत पनीर. तो खात असेल तर ठीक चाललंय. खायचं सोडून काठीकडं बघत ताठ झाला तर तुम्ही फार जवळ आलात, मागं सरका. धोतर टोपीवाल्या शेजारच्या आजोबांना पटवता आलं तर अजून चांगलं.

आणि गुरगुरला म्हणून मारू नका, प्लीज. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की मला नको होतंय, लांब व्हा. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते, मग कुत्रं न सांगता चावतं. त्याच्याही आधीच्या खुणा असतात, भूक नसताना जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभया, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं पण नाही, ताठ वर करून बारीक बारीक हलवत असेल तर सावध. पुण्याच्या लेकरांना हे दाखवून ठेवा. गळ्यात पडणं तर नाहीच, कुत्र्याला मिठी म्हणजे पकडल्यासारखं वाटतं आणि लेकरांचं तोंड नेमकं त्याच्या तोंडासमोर येतं.

---

गोदाकाठ (नांदेड)

आमच्याकडं लॅब्रॅडॉर आहे, तीस-पस्तीस किलोचा गडी, आणि महालक्ष्म्या दरवर्षी. जेवणाच्या दिवसाची सगळे तयारी करतात पण खरी परीक्षा आवाहनाच्या संध्याकाळी असते. दारापासून पावलं काढलेली, बायका मुखवटे घेऊन येणार, घंटा, ताट-चमचे वाजवणं, "सोन्याच्या पावलांनी आली" चालू. कुत्र्याच्या कानाला तो आवाज म्हणजे संकट आहे हो. आमच्यानं एका वर्षी सगळ्या पावलांवरून उलटी धाव घेतली आणि कोठ्यांच्या मागं जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, आल्या, लक्ष्मी चार पायांनी आल्या.

तेव्हापासून आवाहनाच्या तासभर आधी त्याला मागच्या खोलीत नेतो. पंखा चालू, रेडिओ जरा मोठ्यानं, पाण्याचं भांडं, त्याची जुनी गोधडी, आणि चघळायला काहीतरी वेळखाऊ. ती खोली त्याला आधीपासून आवडती पाहिजे. सणाच्या दिवशीच पहिल्यांदा कोंडलं तर दार खरवडून काढील, म्हणून आजपासून रोज थोडा वेळ तिथं जेवायला घाला, दार लावा, उघडा. आणि पहाटे पहाटे दमवून आणा. सणाच्या गडबडीत त्याचं फिरणंच सगळ्यात आधी बुडतं आणि मग तीच ताकद तो पाव्हण्यांवर काढतो.

उड्यांचं सोपं आहे पण सगळ्यांनी पाळलं तर. उडी मारली की माणसानं पाठ फिरवायची, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. चारी पाय जमिनीवर असले तरच लाड. आमच्यात दीर ऐकत नाहीत, "येऊ दे ग वहिनी" करून स्वतःच अंगावर घेतात, मग कुत्रं काय शिकणार. दीर सुधारत नाही म्हणून मी कुत्र्याला गोधडीवर बसायला शिकवलं. कडी वाजली की गोधडी, गोधडीवर बसला की खाऊ. शेजारच्या पोराला चॉकलेट कबूल करून दिवसातून धा वेळा कडी वाजवायला लावली.

---

स्पष्ट_बोलतो (बीड)

वाईट वाटून घेऊ नका पण कुणीतरी बोलायला पाहिजे. वर सगळे कुत्र्याला काय वाटतं ते सांगायलेत, बाप्पांना काय वाटतं? मला लहानपणी कुत्रं चावलंय. कुणाच्या घरी गेलो की "काही करत नाही हो, नुसतं हुंगतंय" हे वाक्य ऐकून पाय लटपटतात. ज्याला भीती आहे त्याला समजावत बसू नका, "हात लावून बघा" तर अजिबात नको. बाप्पा घरात असेपर्यंत बंडोपंत दाराआड किंवा पट्ट्यावर घरच्या मोठ्या माणसाच्या हातात, आणि हे बाप्पांना आधीच फोन करून सांगा. तुम्ही सांगू नका, सासऱ्यांना सांगायला लावा. भावाचा शब्द वेगळा असतो.

---

बनी_तो_बनी

हे पटलं. मामांनाच करायला लावते फोन.

---

सतरंजी (छत्रपती संभाजीनगर)

एक छोटी गोष्ट कुणी बोललं नाही. आमच्या शेजारच्या खालाजी दरवर्षी महालक्ष्म्या बघायला येतात. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की त्यांना नमाजच्या आधी ते धुवावं लागतं, कपडे बदलावे लागतात. त्या तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत, पण दारातच अंग चोरून उभ्या राहायच्या, आम्हाला लई उशिरा कळलं. तुमच्या आत्याबाईंचं सोवळं आणि खालाजींचं हे, दोन्हीला उपाय एकच, कुत्र्याच्या आणि माणसांच्या मधे दार. लहान मुलांसाठी लावतात तसं आडवं लाकडी फाटक सुताराकडून करून घ्या स्वयंपाकघराला, फार खर्च येत नाही.

आणि खाण्याचं बघा! पानावर बसलेला प्रत्येक माणूस त्याला एक घास टाकणार.

---

चौथं_वर्ष_उदगीर

हो, ते राहिलंच. पुरणपोळी नको. हरभऱ्याच्या डाळीनं पोट फुगतं, वर तुपाची धार. एवढं तुपकट एकदम खाल्लं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, सणानंतर दवाखान्यात उलट्या करणारी कुत्री येतात ती याच्यानंच. खिरीतले, शिऱ्यातले मनुके तर अजिबात नको, किडनीवर जातात आणि किती खाल्ले तर चालतात असा हिशोब नाही. नैवेद्यात कांदा-लसूण नसतो ते बरंय, पण तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की घरोघर मसाल्याच्या भाज्या सुरू होतात, तेव्हा पण लक्ष ठेवा. उष्ट्या पत्रावळींची पिशवी उंच बांधा.

झोपेची गोळी देऊ का असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, माणसाचं औषध देऊ नका. नुसत्या गुंगीच्या काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण आतली भीती तशीच राहते. फार घाबरत असेल तर डॉक्टर भीतीवरचं वेगळं औषध देतात, ते सणाच्या आधी एखाद्या साध्या दिवशी देऊन बघायचं असतं. तोंडाला मझल लावायचा झाला तर जाळीचा घ्या, कापडी घट्ट नको. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, तोंडच बांधलं तर उकाड्यात जिवावर येईल.

आणि देव करो वेळ न येवो, पण दात लागलाच तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्र्याची लस झालेली असली तरी जायचं. पाव्हणे आहेत, सण आहे म्हणून उद्यावर ढकलू नका.

---

बनी_तो_बनी

सगळ्यांचे खूप आभार. आज मामांना धागा वाचून दाखवला, करंटचं ऐकून आखाड्याचा विषय त्यांनीच बंद केला. मागची कोठीची खोली रिकामी करायला घेतलीय, शहाबादी फरशी आहे, गार राहते, पंखा लावून घेतो. फाटकाचं माप पण सुताराला दिलं.

एकच अडचण उरलीय. बंड्या रात्री हॉलमधे झोपतो आणि पाव्हण्यांच्या गाद्या हॉलमधेच पडणार. रात्री कुणीतरी अंधारात बाथरूमला उठणार, बाप्पा तर दोनदा उठतात, काठी टेकत.

---

गोदाकाठ (नांदेड)

मग रात्री पण कोठीतच झोपवायचं, दाराला वरून कडी, आणि तीन रात्री तुमच्यापैकी एकानं त्याच्यासोबत तिथं अंथरूण टाकायचं. तुमच्या ह्यांना सांगा, पत्र्याची खोली त्यांनीच सुचवली होती ना. बाथरूमच्या वाटेवर झिरोचा बल्ब लावा. बाप्पांची गादी बाथरूमच्या बाजूला, कोठीपासून लांब.

---

बनी_तो_बनी

😄 ह्यांना विचारलं. म्हणतात बंड्या घोरतो.