दोन दिवस मेसेज नाही, म्हणून लगेच ‘अवॉयडंट’?

शहापूरकर: कालची पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. ‘उशिरा रिप्लाय देणारा मुलगा अवॉयडंट, लहानपणीच बिघडलेला, सोडून द्या.’ अवॉयडंट म्हणजे जवळीक टाळणारा; हा शब्द मुळात बाळांच्या अभ्यासातला. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थनं १९६० च्या दशकात बाल्टिमोरला वर्षभराची बाळं बघितली. आई खोलीबाहेर जाते, परत येते, तेव्हा बाळ काय करतं? मोठ्यांच्या प्रेमाला ते लावलं हेझन आणि शेव्हर या संशोधकांनी, १९८७ मध्ये. जवळीक जड जाते का, असं ते विचारत होते. रिप्लायला किती तास लागले यावरून त्यांनी कुणाला ठरवलं नाही. माझा भाऊ बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत सेकंड शिफ्टला आहे, मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. एका मुलीनं हाच शब्द लावून त्याला ब्लॉक केलं.

खानापूरची: तुमचा भाऊ शिफ्टला असेल, सगळे नसतात. माझावाला चार दिवस गायब, मग मध्यरात्री ‘मिस यू’. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं प्रयोगात कबुतरांना दाणा दर वेळी न देता कधीतरीच दिला, तर ती टोचतच राहिली. माझं तेच झालं. या शब्दानंच मी त्यातनं बाहेर पडले.

निपाणीची काकू: मोबाईलवर गायब होण्याचं एवढं काय घेऊन बसलाय? पाहायला येतात, पोहे-कुंदा खातात, ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणतात, की संपलं. माझ्या लेकीला कोल्हापूरकडच्या स्थळानं असंच ताटकळत ठेवलं. मागाहून कळलं, ‘कर्नाटकातली मुलगी, पुढं कागदपत्रांची कटकट.’ याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?

गडहिंग्लजकर: काकू, सगळ्या महाराष्ट्राला एका मापात तोलू नका. माझी बायको चिक्कोडीची आहे. तोंडावर नकार दिला की मधल्या माणसाचे संबंध बिघडतात, म्हणून लोक गप्प बसतात.

निपाणीची काकू: मधल्या माणसाची काळजी आहे, पोरीची नाही! फोन वाजला की ती हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर यायची. कुणाचा आहे विचारायची नाही, नुसती दारात उभी राहायची.

गडहिंग्लजकर: हे वाईटच. पण तुमच्याकडचेही पुण्याचं स्थळ आलं की आमचं लटकत ठेवतात.

शहापूरकर: विषय मेसेजचा होता, सीमाप्रश्नाचा नव्हे.

खानापूरची: तोच विषय आहे की! काकूंची लेक आणि मी, दोघी उत्तराचीच वाट बघत होतो.

शहापूरकर: बरं, कबुतरांचं मान्य. पण लहानपणी ठरलं ते कायमचं, हे चूक. आई-बाळाच्या नात्याचा हा सिद्धांत ज्यानं मांडला, त्या बोल्बीनंही बदलाला जागा ठेवली होती. भरवशाचं माणूस मिळालं की धास्तावलेला माणूसही सावरतो.

खानापूरची: सावरेल. तोवर मी का झुरायचं? भावाला सांगा, शिफ्टला जायच्या आधी एक ओळ टाकत जा म्हणून.

शहापूरकर: सांगतो. पण ‘बिघडलेला’ हे मी ऐकून घेणार नाही.