पणजीच्या स्विस माहेराचा शोध

प्रश्न (नौपाडा, ठाणे): माझ्या पणजीचे वडील बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या मंगळूर येथील, १८६५ मध्ये सुरू झालेल्या कौलांच्या कारखान्यासाठी स्वित्झर्लंडहून आले होते, असे आजी सांगत असे, आता ती नाही, आणि विखुरलेल्या भावंडांना लग्न-बारशाच्या बातम्यांबरोबर हा वारसाही कळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (वाशी): ताई, स्विस लोकांत जन्मगावापेक्षा कुळाचे मूळ गाव महत्त्वाचे मानतात. ते वारशाने पुढच्या पिढीकडे जाते आणि जुन्या कुटुंबनोंदी तेथेच सापडतात, म्हणून आधी कागदपत्रांत ते नाव शोधावे.

उत्तर (नेरूळ): मिशनचे दप्तर बासेलमध्ये जपलेले आहे, तेथे पत्र लिहावे. मात्र त्याआधी वयस्कर आत्या-मावश्यांना भेटून घ्यावे, कारण कागद थांबतील.

प्रश्नकर्ती: रविवारीच कळव्याला आत्याकडे जाते.