गोळी छापून देणार म्हणे! आधी रोग तर वेळेवर ओळखा

सात रस्ता (धागाकर्ता)

काल इथं एका सदस्यानं लिहिलं की औषधाची गोळी आता थ्रीडी प्रिंटरवर छापता येते, ज्याच्या त्याच्या आतड्याला बेतून. दोन वर्षांत सोलापुरातल्या मेडिकलमध्ये मशीन दिसेल आणि कोलायटिस-क्रोन्सवाल्यांची (आतड्याला सूज आणि जखमा करणारे दोन जुनाट आजार) रड संपेल. त्यातला 'रड' हा शब्द माझ्या डोक्यात गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. संडासातून रक्त पडत होतं आणि बराच काळ मूळव्याध म्हणून मलम, चूर्ण, पथ्य चाललं होतं. दुर्बीण आत गेली तेव्हा खरं कळलं. तोवर आतडं सोलून निघालं होतं. माझं नुकसान निदान उशिरा झाल्यानं झालंय, गोळीच्या मापाचा त्यात काही संबंध नाही.

निदान झाल्यावर पैशाचं येतं. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारी गोळी, दिवसाला 2.4 ते 4.8 ग्रॅम, आणि बरं वाटत असलं तरी चालू ठेवायचं. विडी वळणारी बाई किंवा मागावरचा माणूस बरं वाटलं की गोळी सोडतो, कारण आठवड्याच्या पगारात ती बसत नाही. मग पुन्हा रक्त, पुन्हा स्टेरॉइड. यात प्रिंटर कुठं बसतो ते सांगा.

छापलेल्या गोळीला अमेरिकेत पहिली मंजुरी 2015 मध्ये मिळाली. फिट्सचं औषध, नाव स्प्रिटाम. तीही कारखान्यातच छापतात, घोटभर पाण्यात चटकन विरघळते हा तिचा गुण. माणसागणिक माप तिथंही नाही.

जुळे सोलापूरची आई

दादा, तुमचं सोसणं खरं आहे. पण मापाचा संबंध नाही हे मोठ्या माणसाचं बोलणं झालं. माझ्या मुलाला क्रोन्स आहे, वजन 15 किलो. अॅझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, रोज किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 30 ते 37. गोळी येते 50 ची. 25 ची कधी असते, कधी नसते. मी हातमोजे घालून गोळी मोडते, कारण मोडलेल्या गोळीला उघडा हात लावायचा नसतो. अर्धी नीट होते, पाव करायला गेलं की भुगा. तो ताटलीतला भुगा चमच्यानं गोळा करताना रोज वाटतं, आज किती गेलं पोटात? जास्त गेलं तर पांढऱ्या पेशी उतरतात, कमी गेलं तर आजार उसळतो.

मेसालामाइनची थर दिलेली गोळी तर मोडताच येत नाही. वरचा थर आतड्यात खाली जाऊन उघडायचा असतो, मोडली की सगळं वरच विरघळतं. अॅझाथायोप्रिन लगद्यात कालवून, प्रिंटरवर थरावर थर देत नेमक्या 32 मिलिग्रॅमची गोळी निघणार असेल, तर माझ्यासाठी ती चैन नाही.

होटगी रोड

ताई, लहान मुलांचं मान्य. पण ज्यांचा आजार गोळीला दादच देत नाही त्यांचं काय? माझ्या भावाला इन्फ्लिक्सिमॅब लागतं. ते प्रथिन आहे, सुईनंच द्यावं लागतं, पोटात गेलं की पचून जातं. भावाला शिरेतून देतात. छापून उपयोग नाही. आणि ते आधीपासूनच वजनावर मोजून देतात, किलोमागे 5 मिलिग्रॅम. पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, पुढं दर आठ आठवड्यांनी. माप चोख आहे, परवडत नाही ही अडचण. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणे, आणि डब्यातला संडास मोकळा मिळेल का याच काळजीत सगळा प्रवास.

त्याआधी टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, तो वेगळाच. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसतात म्हणे. तेवढे महिने आजार आत वाढत राहिला.

कालचा सदस्य

माझ्यावरच धागा निघालाय म्हणून लिहितो. 'रड' मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

सात रस्ता, तुमची गोळी कधी अख्खीच्या अख्खी संडासातून बाहेर पडली नाही? माझ्या वडिलांची पडायची, वरचा थर जसाच्या तसा. तो थर आतड्यातल्या आम्लतेवर उघडतो, साधारण पीएच 7 ला, आणि आजारात तेच गणित बिघडतं. थर किती जाड, आतली रचना कशी, हे छपाईत बदलता येतं. चीनच्या ट्रायस्टेक कंपनीची टी-21 ही खास मोठ्या आतड्यात उघडणारी गोळी कोलायटिससाठीच आहे, अमेरिकेनं तिच्या चाचण्यांना परवानगी दिली आहे. ब्रिटनमध्ये रुग्णाजवळच औषध बनवण्याचे नियम जुलै 2025 पासून लागू झालेत. जग पुढं गेलंय. तुम्ही मूळव्याधीच्या मलमावरच अडलाय.

सात रस्ता

मलमावर मी अडलो नव्हतो, मला अडकवलं होतं. तोंड सांभाळून लिहा. आणि टी-21 कारखान्यातच छापणार, म्हणजे पुन्हा सगळ्यांना एकच. तुमचंच म्हणणं तुम्ही खोडताय.

अशोक चौक

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. हे मशीन चालवणार कोण? निम्म्या दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर पोरगं दुसरंच. सर्टिफिकेटवाला महिन्याचं भाडं घेऊन कुठंतरी भलतीकडं नोकरीला. मला स्टेरॉइडच्या 5 मिलिग्रॅमच्या जागी 10 ची स्ट्रिप दिली होती एका दुकानात, वर 'एकच असतंय ओ' म्हणाला. हा छापणार औषध?

काउंटरमागचा फार्मसिस्ट

घ्या, आलं फिरून आमच्यावर. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 वाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध कालवायचा, बनवायचा, द्यायचा अधिकार नोंदणीकृत फार्मसिस्टलाच आहे. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्यांची मला तुमच्याहून जास्त चीड आहे, कारण त्यांच्यामुळं आमचा पगार वाढत नाही. चार वर्षं बी.फार्म. करून दिवसभर काय करतो? गोळ्यांच्या स्ट्रिप कापून देतो आणि '20 टक्के डिस्काउंट का नाही' यावर वाद घालतो. डोस तपासायला थांबा म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय.

अशोक चौक

दुकानात असताच किती जण? दुपारी जाऊन बघा.

काउंटरमागचा फार्मसिस्ट

मी असतो. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत. निम्मी दुकानं म्हणताना मोजली होती का?

नवी पेठ

जुने कंपाउंडर कागदाची पट्टी चिकटवलेल्या बाटलीत मिक्श्चर द्यायचे, लेकराला वेगळं, म्हाताऱ्याला वेगळं. खलात घोटून पुड्या बांधायचे. तेव्हा कुणी मशीन मागितलं नव्हतं.

काउंटरमागचा फार्मसिस्ट

काका, त्या पुडीत नेमकं किती जायचं ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही. अॅझाथायोप्रिनला तसं चालत नाही. छापलेल्या गोळीचीही तीच अडचण आहे. कारखान्यात एका घाण्यातल्या काही गोळ्या फोडून तपासतात. एकाच पोरासाठी दहा गोळ्या छापल्या तर फोडायची कुठली? न फोडता प्रत्येक गोळी मोजायची सोय मशीनसोबत पाहिजे. म्हणून हे काम मेडिकलचं नाही, मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागाचं आहे.

सात रस्ता

हे मात्र पटलं. लहान मुलांसाठी, रुग्णालयात, तपासणीच्या सोयीसकट मशीन येणार असेल तर माझा विरोध नाही. ताईंच्या ताटलीतला भुगा वाचल्यावर तेवढं म्हणावंच लागतं. पण गावातल्या मेडिकलमध्ये मशीन येणार आणि आमचं सगळं संपणार, हे मी मान्य करणार नाही. आधी रक्त पडणाऱ्या प्रत्येकाला मूळव्याध म्हणून परत पाठवणं थांबवा.

जुळे सोलापूरची आई

फार्मसिस्ट दादा, तोवर मी काय करू? आज रात्रीचा डोस द्यायचाच आहे.

काउंटरमागचा फार्मसिस्ट

आजचा डोस डॉक्टरांनी सांगितलाय तसाच द्या, मनानं बदलू नका. उद्या त्यांना विचारा की आठवड्याची मात्रा तीच ठेवून रोज अख्ख्या-अर्ध्या गोळीत बसवता येते का, किंवा हेच औषध पातळ स्वरूपात बनवून देणारा रुग्णालयाचा औषध विभाग पुण्यात कुठला आहे. ते पातळ औषध 1 मिली सिरिंजनं मोजता येतं. पांढऱ्या पेशींची तपासणी मात्र चुकवू नका. एनयूडीटी15 या जनुकातल्या दोषाची चाचणी झाली नसेल तर तीही विचारा, आपल्याकडच्या लोकांत तो दोष आढळतो आणि तो असला तर साधा डोसही जास्त होतो.

अशोक चौक

असं काउंटरवर कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो नसतो. दुकान कुठं आहे तुमचं?