वर्षभराची इंटर्नशिप, गावापासून लांब : आपापले अनुभव लिहा

निकाल लागले की आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, "ताई, कंपनीत वर्षभरासाठी नाव लागलं, जाऊ का?" घरचे विचारतात, नोकरी आहे का? नाही. मग कॉलेज आहे का? तेही नाही. मग पोरगी वर्षभर नागपूरले जाऊन करणार काय? माझं वर्ष चांगलं गेलं, पण सगळ्यांचं तसंच जातं असं मला म्हणता येत नाही, म्हणून हा धागा. विदर्भातल्या गावातून जाऊन ज्यांनी कंपनीत वर्ष काढलं, ज्यांनी मध्येच सोडलं, ज्यांच्या घरचं पोर गेलं, त्या सगळ्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको. काम काय दिलं, शिकवलं कोणी, पैसे पुरले का आणि पुढे काय झालं, एवढं मात्र नक्की सांगा.

आधी एक गोष्ट साफ करते, कारण निम्मा गोंधळ इथंच होतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. सुरू झाली तेव्हा त्यात 12 महिने, महिन्याला 5000 रुपये आणि सुरुवातीला एकदाच 6000 होते. नॅट्स ही पदवी-पदविकावाल्यांची अ‍ॅप्रेंटिसशिप, ती 1961 च्या कायद्याखाली येते. माझ्या वेळी त्यात पदवीधराला किमान 9000 आणि डिप्लोमावाल्याला 8000 होते. तिसरी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. ती 2024 ला आली तेव्हा 6 महिन्यांची होती, नंतर 11 महिन्यांची केली, आणि पदवीधराला 10000. तिघींचे नियम, कागद, पैसे सगळं वेगळं आहे. आपलं नाव नेमकं कशात लागलं ते पाहूनच पिशवी भरा.

आता माझं. बी.कॉम. झाल्यावर नॅट्समधून नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्याच्या स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये गेले. पहिले काही आठवडे जुनी चलानं (मालासोबत येणारे कागद) फाइलला लावणं, एवढंच काम. मग तिथल्या स्टोअरकीपर काकांनी मला शेजारी बसवायला सुरुवात केली. ट्रक आला की परचेस ऑर्डर, पुरवठादाराचं चलान आणि काट्याची पावती समोरासमोर ठेवायची, माल स्वतः मोजायचा, तिन्ही जुळलं तरच सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, मिगो (आलेला माल नोंदवायची स्क्रीन) उघडून एंट्री करायची. "स्क्रीनवर आहे म्हणून रॅकवर असतेच असं नाही, पोरी," असं ते रोज म्हणायचे आणि रोज रॅकवर पाठवायचे.

एक प्रसंग सांगते. रायपूरला माल घेऊन गेलेला ट्रक देवरीच्या पुढे बिघडला. ड्रायव्हरदादाचा फोन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि ई-वे बिलाची (माल वाहतुकीच्या जीएसटी परवान्याची) मुदत त्याच मध्यरात्री संपत होती. काका घरी गेलेले. फोनवर त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, "200 किलोमीटरला एक दिवस, तर रायपूरला किती मिळाले होते? आणि वाढवून कधी घेता येते?" दोन दिवस, आणि मुदत संपायच्या आधीचे 8 तास ते नंतरचे 8 तास. हे मला ठाऊक होतं, कारण महिनाभर त्यांनी तेच घोकून घेतलं होतं. पोर्टलवर गाडी कुठे उभी आहे ते टाकलं, उरलेलं अंतर टाकलं, कारण टाकलं, मुदत वाढली. ड्रायव्हरदादाला नवी तारीख सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आता झोपतो बापा." त्या वर्षात मी खऱ्या अर्थानं कामाची झाले ती त्या दिवशी. आज यवतमाळला एका जिनिंगच्या ऑफिसात डिस्पॅच आणि जीएसटीचं काम पाहते. पगार फार नाही, पण काम पूर्ण माझ्या हातात आहे.

राजुरा तालुका, बी.एस्सी. (रसायनशास्त्र)

आमच्याकडे जमिनीखाली चुनखडी, म्हणून गडचांदूरच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने. लहानपणापासून त्या चिमण्या लांबून पाहिलेल्या, आत पहिल्यांदा गेले ती ट्रेनी म्हणून, क्वालिटीच्या लॅबमध्ये. कॉलेजात टायट्रेशन म्हणजे जर्नल भरणं होतं. इथं भट्टीतून क्लिंकरचा (दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या गोळ्यांचा) नमुना येतो, तो दळायचा, इथिलीन ग्लायकॉलमध्ये गरम करायचा, गाळायचा आणि ॲसिड थेंब-थेंब सोडून, म्हणजे टायट्रेट करून, मोकळा चुना किती राहिला ते काढायचं. आकडा दीड-दोन टक्क्यांच्या वर गेला की कंट्रोल रूमला फोन करायचा, आणि तिकडे ऑपरेटर खरोखर भट्टी बदलतो. माझ्या ब्युरेटच्या एका थेंबावर एवढी मोठी भट्टी हलते हे कळल्यावर माझा हात आपोआप सावध झाला.

सिमेंटचे ठोकळेही मीच पाडायची. 70.6 मिलिमीटरचा साचा, तमिळनाडूतल्या एन्नोरची ठराविक वाळू, 27 अंशाचं पाणी. मग 3, 7 आणि 28 दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचे. माझे बाबा गवंडीकाम करतात. पोत्यावरचा 43 आणि 53 म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला तेवढे न्यूटन दाब सोसणं, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून ते ठेकेदाराला स्लॅबवर पाणी मारायचे दिवस कमी करू देत नाहीत.

तक्रार एकच. मुलींना रात्रपाळी नको म्हणून जनरल शिफ्टलाच ठेवलं. भट्टी बंद करून आतल्या विटा बदलायचं काम रात्रंदिवस चालतं, मुलांना ते सगळं पाहायला मिळालं, आम्हाला दिवसाचा तुकडाच. गाडी आणि सोबत दिली असती तर मी नक्की थांबले असते. ही सोय मागायला हवी, आणि आम्हा दोघींनी शेवटी लेखी मागितली. पुढच्या बॅचच्या मुलींना ती मिळाली.

हिंगणा एमआयडीसी, डिप्लोमा (मेकॅनिकल)

माझा अनुभव वाईट आहे, तोही लिहितो. करारात मशीन शॉप लिहिलं होतं, उभं केलं पॅकिंग लाइनवर. खोके चिकटवा, पट्टी मारा. वर रोज दोन तास जास्त. अ‍ॅप्रेंटिसला सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम देता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण आम्हा सगळ्यांना भीती होती की बोललो तर प्रमाणपत्र अडेल. शेवटी कॉलेजच्या टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट पाहणाऱ्या) सरांनी करार आणि ट्रेनिंगचा आराखडा हातात घेऊन एचआरची भेट घेतली, तेव्हा शेवटचे महिने क्वालिटीत दिले. तिथं मायक्रोमीटर धरायला शिकलो, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (माप किती इकडेतिकडे चालतं ते) वाचायला शिकलो. जे शिकलो ते त्याच थोड्या महिन्यांत. बाकी वर्ष फुकट गेलं, आणि ते कोणाचंच जाऊ नये म्हणून सांगतो : कराराची प्रत पहिल्या दिवशीच घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

पुसद तालुका, बी.ए.

मी मध्येच परत आलो. बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, त्यामुळे सरकारी हिश्श्याचे पैसे अडकले. दोन महिने मित्राच्या उधारीवर काढले, मग घरूनच म्हणाले ये बाबा. जायच्या आधी बँकेत जाऊन आधार सीडिंग झालंय का ते विचारा, नुसतं केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नसते.

कळंब तालुका, एक कास्तकार

मी पोराचा बाप बोलून राहिलो, लिहून पोरगी देऊन राहिली. पोरगं वर्षासाठी पुण्याकडं गेलं तवा मले पटलं नव्हतं. दिवाळीच्या टायमाले कापूस फुटते, वेचायले मजूर भेटत नाही, अन् घरचा जवान पोरगा तिकडे कागदं पाहून राहिला, असं वाटे. तिकडे भेटे त्यातून खोलीभाडं अन् मेस निघे, बाकी काही नाही. आम्ही सोयाबीन विकून घरून पैसे धाडले. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगून राहिलो. ज्याच्या घरून महिन्याले तीन-चार हजार जाऊ शकत नाही त्यानं नागपूर, अमरावती, चंद्रपूर असं जवळचंच पाहावं.

पण पोरगं परतलं ते वेगळंच. आधी कोणी सायेब दिसला का मागं सरे. 2025 च्या हंगामात सीसीआयले (सरकारी कापूस महामंडळाले) कापूस द्याचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागे. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच घरची नोंदणी त्यानंच करून देली, सातबारा अपलोड केला, अन् केंद्रावर ओलाव्याचा आकडा मशीनवर दाखवा म्हणून उभा राहिला. ग्रेडरनं दाखवला. एवढं बोलणं त्याले कंपनीतच आलं, कॉलेजात नाही. नोकरी अजून नाही लागली, हेही खरं.

धारणी, बी.कॉम.

माझी जागा एका बँकेच्या शाखेत लागली, गावापासून तासभराच्या अंतरावर, म्हणून घरूनच जाणं-येणं. एसटीत बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे परवडलं. शाखेतले बहुतेक साहेब बाहेरचे. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरसमोर कोरकू बाया नुसत्या उभ्या राहायच्या, स्लिप कोणाकडून भरून घ्यावी कळायचं नाही. मी कोरकूच. पहिल्याच बाजाराला एका आजीशी घरच्यासारखं बोलले तर तिनं कमरेची पिशवी सोडून तीन पासबुकं काढली. दोन खाती वापर नसल्यामुळे बंद पडलेली, एकात पेन्शन येऊन साचलेली, तिला पत्ता नाही. त्या दिवशी तिचं केवायसी करून खाती चालू करायला दिली. मॅनेजर साहेबांनी ते पाहिलं आणि बाजाराच्या दिवशी माझं टेबल दारापाशीच लावलं.

एक विचारायचं होतं. माझं वर्ष पुढच्या महिन्यात संपतं, प्रमाणपत्राशिवाय आणखी काय मागून घेऊ?

धागाकर्ती

धारणीच्या ताईला : मॅनेजर साहेबांकडून बँकेच्या लेटरहेडवर वेगळं पत्र घे. त्यात "इंटर्न म्हणून काम केले" एवढंच नको. खाती उघडणं, केवायसी, बाजाराच्या दिवशीचं कोरकू टेबल, हे तू काय-काय केलंस ते नावानिशी लिहून दे म्हणावं, मसुदा तूच करून ने. बदली व्हायच्या आत घे, साहेब गेले की नवीन माणूस लिहून देत नाही. नॅट्सवाल्यांनी प्रावीण्य प्रमाणपत्र पोर्टलवर आलं का ते स्वतः तपासावं. कळंबच्या काकांना : मुलाला सीसीआय केंद्रावरच्या आणि जिनिंगच्या हंगामी जागा विचारायला सांगा, ओलावा, ग्रेड आणि ॲप तिन्ही समजणारी माणसं तिथं हवी असतात. आमच्याकडे विचारून दोन दिवसांत इथंच कळवते.