काळ्या मातीत डीएपी टाकूनही रिपोर्टमध्ये स्फुरद कमीच का?

सांवेर_शेती
इंदूरजवळ सांवेरची काळी माती, सोयाबीन–गहू. माती-तपासणीचा रिपोर्ट: सामू (pH) 8.1, सेंद्रिय कर्ब 0.45%, मुक्त चुनखडी 6%, उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) 8 किलो/हेक्टर (ओल्सन पद्धतीने). दोन्ही पेरण्यांना 100 किलो/हेक्टर डीएपी खत शेतभर पसरून देतो. दुसऱ्या लॅबने ब्रे पद्धतीने आणखी कमी आकडा दिला. स्फुरद जातं कुठे आणि कोणता आकडा धरू?

मातीतपासणी
ओल्सन धरा. ब्रेचं आम्लयुक्त द्रावण लाल, आम्लधर्मी मातीसाठी आहे. तुमच्या चुनखडीत ते आम्ल आधीच खर्ची पडतं आणि आकडा खोटा कमी येतो. ओल्सनचं बायकार्बोनेट द्रावण 8.5 सामूचं असतं, ते आपल्या मातीला जुळतं. 10 च्या खाली कमी, 10 ते 25 मध्यम. पण हे वर्ग मूलद्रव्य स्फुरदाचे आहेत, आणि डीएपीच्या पोत्यावरचे 46% म्हणजे P₂O₅, स्फुरदाचं ऑक्साइड रूप. तेव्हा लॅबने नक्की काय लिहिलंय ते विचारा. मूलद्रव्याला 2.29 ने गुणलं की P₂O₅ मिळतं, म्हणजे तुमचे 8 तिथे 18 होतात.

आता जातं कुठे. 100 किलो डीएपीतून साधारण 20 किलो स्फुरद पडतं, 20 क्विंटल सोयाबीनच्या दाण्यातून 10–12 किलो बाहेर जातं. म्हणजे सोयाबीनच्या हंगामात तरी उरलेलं शेतातच राहतं, फक्त रूप बदलून. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट, मग ऑक्टाकॅल्शियम, शेवटी ॲपटाइटकडे. प्रत्येक पायरीला विद्राव्यता घटते. पहिल्या पायरीचं पुढच्या गव्हाला थोडं मिळतं, ॲपटाइट झालेलं जवळजवळ अडकलेलंच. कोकणच्या जांभ्या मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात, म्हणून तिकडचे सल्ले इथे लावू नका.

पेरणी_यंत्र
दादा, मुळात पसरून देणंच थांबवा. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. पसरलं की प्रत्येक दाणा चुन्याला भिडतो, आणि वरचा थर सुकला की मुळं तिथे फिरकत नाहीत. बियाण्याच्या 4–5 सेंमी खाली, थोडं बाजूला पट्ट्यात द्या. बियाण्याला चिकटून मात्र नको: चुनखडीत डीएपीचा अमोनिया सुटतो आणि उगवण मारतो.

सोयाबीनची शिफारस 60 किलो P₂O₅/हेक्टर. सिंगल सुपर फॉस्फेटने द्यायची तर 375 किलो, सोबत 11% गंधकही मिळतं, ते तेलबियांना हवंच. दाणेदारच घ्या, भुकटी जूनच्या दमटपणात ड्रिलच्या (पेरणी यंत्राच्या) नळीत घट्ट बसते आणि ओळीच्या ओळी कोऱ्या जातात. सेटिंग असं तपासा: 45 सेंमी ओळींत 375 किलो म्हणजे मीटरला 17 ग्रॅम. प्रत्येक नळीला पिशवी बांधून 20 मीटर चालवा, दर पिशवीत सुमारे 340 ग्रॅम यायला हवं. पेरणी वाफसा आल्यावरच. सुपरमध्ये नत्र नाही, तेव्हा 25 किलो नत्र युरियातून वेगळं.

सांवेर_शेती
झाबुआचं रॉक फॉस्फेट (फॉस्फेटच्या खडकाची भुकटी) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) चालेल का? स्वस्त पडतं.

मातीतपासणी
8.1 सामूत कच्चं रॉक फॉस्फेट थेट टाकू नका, विरघळायला आम्ल हवं. कंपोस्टच्या ढिगात कुजताना मिसळलं तर काही अंश मोकळा होतो. पीएसबी 5 ग्रॅम प्रतिकिलो बियाण्याला, रायझोबियम या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूसोबत. आधी बुरशीनाशक, मग जिवाणूंचं कल्चर, सावलीत सुकवून लगेच पेरा. पण हे खताला पर्याय नाही. कर्ब 0.45 असताना शेणखताचा फायदा अधिक, कारण सेंद्रिय आम्लं कॅल्शियमला बांधून ठेवतात. झिंक सल्फेट सुपरमध्ये मिसळू नका, जस्त फॉस्फेट बनून अडकतं.

आणि पट्ट्यात खत दिल्यावर पुढचा नमुना घेताना ओळीतलीच माती उचलली तर आकडा फुगेल. ओळी आडव्या कापत 15–20 जागांहून, 15 सेंमी खोलीचा घ्या आणि त्याच लॅबला द्या.